चालता चालता बंद पडते, थंड झाली की सुरू होते: इंजिन खोलण्याआधी रस्त्यावर काय तपासायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला लगेच कळेल. २०१६ ची १२५ सीसी, कार्बोरेटरची मोटरसायकल. रोज पारोळ्याहून धुळ्याला जाणं-येणं. सकाळी जाताना सहसा त्रास नाही. दुपारी परत येताना मुकटीच्या अलीकडे-पलीकडे गाडी बंद पडते, मग किक मारा नाहीतर सेल्फ मारा, दाद देत नाही. पंधरा-वीस मिनिटं झाडाखाली उभी केली की पहिल्या किकला सुरू होते आणि घरापर्यंत नीट येते. आतापर्यंत प्लग बदलून झाला, कार्बोरेटर दोनदा साफ झाला, सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) नवीन टाकला. आता मिस्तरी म्हणतोय इंजिन खोलू, आणि तुम्ही विचारताय खोलावं का.

आत्ताच खोलू नका. जे इंजिन थंड झाल्यावर पहिल्या किकला सुरू होतं आणि घरापर्यंत तक्रार न करता चालतं, त्याचा बोअर-पिस्टन गेलेला असण्याची शक्यता फार कमी आहे. धूर नाही, ऑइल कमी होत नाही, ओढ चांगली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ऑइल मात्र आजच बघा. ते खरोखर खाली गेलं असेल तर इंजिन तापून आवळतं, आणि तेव्हाही गाडी अशीच बंद पडून थंड झाल्यावर सुरू होते. पण त्यात किक जड लागते किंवा हलतच नाही. तुमची किक नेहमीसारखी जाते, म्हणजे तो प्रकार नाही.

खरी अडचण अशी आहे की गाडी गॅरेजमध्ये पोचते तेव्हा ती चांगली असते. गिऱ्हाईक येऊन सांगतो, "भाऊ, गाडी बंद पडी जास," आणि समोर गाडी तर मस्त टिकतेय, म्हणजे रेस न देता उभ्या जागी चालू राहतेय. मग मिस्तरी अंदाजाने जे सोपं आणि स्वस्त ते बदलतो. त्यात त्याचा फार दोष नाही, त्याला दोष दिसतच नाही. पुरावा रस्त्यावरच्या त्या पंधरा मिनिटांत असतो आणि तो फक्त तुम्ही गोळा करू शकता. म्हणून पुढच्या वेळी गाडी बंद पडली की किक मारत बसू नका. आधी बघा.

सगळ्यात पहिलं, बंद पडली कशी? पेट्रोल तुटलं तर गाडी आधी सांगते. ओढ कमी होते, आचके देते, एक्सलेटर वाढवला की जास्तच मरते, आणि त्या क्षणी चोक ओढला तर थोडी सावरते. करंट तुटला तर कुणी चावी फिरवावी तशी एका झटक्यात जाते. कधी करंट जाऊन-येऊन करत असेल तर मधेच सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो, कारण न जळलेलं पेट्रोल तिथे साठून पेटतं. तुमच्या गाडीला इलेक्ट्रॉनिक आरपीएम मीटर असेल तर काट्याकडे लक्ष द्या. गाडी अजून गिअरमध्ये पळतेय, इंजिन चाकाबरोबर फिरतंय, आणि काटा मात्र धाडकन शून्यावर, असं दिसलं तर माझा संशय सरळ करंटवर जाईल. तुम्ही फक्त "बंद पडते" एवढं लिहिलंय, म्हणून मी दोन्ही बाजू सांगतो. पण या एका निरीक्षणाने अर्धी शोधाशोध वाचते.

आणि हे सगळं बघायचं गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेतल्यावर. तो महामार्ग चौपदरी आहे, सुरतेकडून येणारे ट्रक-कंटेनर वेगात असतात. इंजिन गेलं की क्लच दाबा, आहे त्या वेगावर डावीकडे उतरा, आणि डांबराच्या कडेला नको, मातीत आत उभी करा.

आता पहिली परीक्षा, तिला हत्यार लागत नाही. गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. हवा आत ओढली गेल्याचा "सुस्स" आवाज आला, तर झाकण परत लावा, मिनिटभर थांबा आणि किक मारा. पंधरा मिनिटांऐवजी मिनिटभरात सुरू झाली तर दोष सापडला: झाकणाची हवा बंद आहे. टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गचके खात येतं आणि मग थांबतं, तसंच इथे होतं. टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत उतरत नाही, कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी रिकामी होते आणि गाडी मरते. उभी राहिली की कुठून तरी थोडी थोडी हवा शिरते, पंधरा मिनिटांत दाब सारखा होतो, आणि आपल्याला वाटतं गाडी "थंड झाली म्हणून" सुरू झाली.

आवाज ऐकताना एक काळजी. उन्हात तापलेल्या टाकीतून उलट वाफ बाहेर फेकली जाते, तिचाही आवाज येतो. आत ओढला की बाहेर आला, हे नीट ओळखा. दुसरी खूण म्हणजे टाकी भरलेली असताना त्रास लवकर आणि अर्धी रिकामी असताना उशिरा होतो का ते आठवा. भरलेल्या टाकीत वरची मोकळी जागा कमी, त्यामुळे थोडं पेट्रोल गेलं तरी पोकळी लवकर वाढते. पंपावर टाकी फुल केली त्याच दिवशी त्रास जास्त, असं कुणी सांगितलं की मी आधी झाकण हातात घेतो.

आपल्या भागात हे भोक बुजायला कारणं पुष्कळ आहेत. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, कापसाच्या दिवसांत तिच्यात तंतू मिसळतात, वरून वॉशिंग सेंटरचं पाणी पडलं की झाकणाच्या फटीत तिचा लेप बसतो. अंगणात उभ्या गाडीच्या बारीक नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलंही मी बघितलंय. आणि टाकीवर रेक्झिनचं कव्हर चढवलेलं असेल तर ते आधी काढा, ते कित्येकदा नेमकं झाकणावरच बसतं. झाकण साफ करताना तार खुपसू नका, आत छोटा वाल्व असतो. पेट्रोलने धुवा, कमी दाबाची हवा मारा, आणि झाकणातून हवा आत जाते का ते पाहा.

झाकण उघडून फरक पडला नाही, तर चावी बंद करून कार्बोरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू थोडा सैल करा. खाली छोटी बाटली धरा. सायलेन्सर गरम असतो, पेट्रोल त्यावर सांडू देऊ नका, आणि आजूबाजूला विडी-सिगारेट कुणाची नको. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू ठेवून धार बघा. वाटीतलं पेट्रोल संपल्यावरही धार एकसारखी येत राहिली तर पेट्रोल व्यवस्थित पोचतंय. थोडी येऊन थेंब-थेंब झाली तर वर कुठे तरी अडथळा आहे: कॉकची जाळी, टाकीतला गंज, दुमडलेला पाइप. टाकीतल्या कचऱ्याची एक खोड आहे. पेट्रोल वाहत असताना तो जाळीकडे ओढला जाऊन चिकटतो आणि गाडी उभी राहिली की खाली बसतो. त्यामुळे यातही "थांबलं की सुरू होते" हे लक्षण दिसतं, आणि कार्बोरेटर कितीदा साफ केला तरी उपयोग होत नाही, कारण घाण टाकीत आहे. कॉक काढून जाळी बघायला अर्धा तास पुरतो.

बाटलीत घेतलेलं पेट्रोल जरा वेळ उजेडात धरा. तळाला वेगळा थर किंवा गोळे दिसले तर पाणी आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं आणि पहिलं कार्बोरेटरमध्ये उतरतं. पावसाळ्यात भर अंगणात उभ्या असणाऱ्या गाड्यांना हे होतं. जुन्या गाडीचा रबरी पाइप फुगलेला, चिकट किंवा भेगाळलेला दिसला तर तोही बदला.

आता करंट. तुमचं वर्णन वाचून माझा कौल या बाजूला जास्त आहे. सकाळी नाही, दुपारी होतं. ठराविक अंतर तापल्यावर होतं. थंड झाल्यावर खोड शिल्लक राहत नाही. धुळे-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ च्या वर जातो, त्यात डांबराची धग वेगळी आणि इंजिनची वेगळी. अशा वेळी आधी दगा देते ती कॉइल (बारीक तारेची गुंडाळी), विशेषतः मॅग्नेटजवळची, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चाकाजवळची, पिकअप कॉइल. तिला आपल्याकडे पल्सर कॉइलही म्हणतात. मॅग्नेट फिरताना त्यावरचा उंचवटा या कॉइलसमोरून जातो, ती सीडीआयला इशारा देते आणि त्या क्षणी ठिणगी पडते. कॉइलमधली तार केसासारखी बारीक असते. वर्षानुवर्षं तापून-निवून तिला कुठे तरी सूक्ष्म तडा जातो. थंड असताना तडाची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, तापली की फुगून सुटतात. इशारा बंद, ठिणगी बंद, गाडी बंद. निवली की टोकं परत जुळतात. म्हणूनच नवीन सीडीआय टाकूनही काही झालं नाही: त्याच्यापर्यंत इशाराच येत नसेल तर तो तरी काय करणार.

हे सिद्ध कसं करायचं? डिकीत एक चालू स्थितीतला जुना प्लग ठेवा. तुमचा बदललेला प्लग चालेल. गाडी बंद पडली की इंजिनमधला प्लग काढू नका, फक्त त्याची टोपी काढा. गरम हेडमधून प्लग जबरदस्तीने काढला तर ॲल्युमिनियमचे आटे त्याच्याबरोबर निघून येतात आणि मग खरंच हेड खोलावं लागतं. टोपीत जुना प्लग घाला, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या कोऱ्या धातूला टेकवून धरा, सावलीत किक मारायला सांगा. पेट्रोलची धार बघितली असेल तर सांडलेलं पूर्ण वाळल्यावरच हे करा. टोपी इन्सुलेटेड पक्कडीने धरा, नाहीतर जोरदार झटका बसतो. निळसर, कडक ठिणगी दिसली तर करंट आहे, पेट्रोलकडे परत वळा. ठिणगी नाहीच, आणि पंधरा मिनिटांनी त्याच प्लगवर छान दिसली, तर तुमच्या हातात पक्का पुरावा आला. मोबाइलवर दोन्ही वेळचा व्हिडिओ काढून मिस्तरीला दाखवा. माझ्याकडे कुणी असा व्हिडिओ घेऊन आला तर मला मनापासून आनंद होतो, कारण त्याचे पैसे वाचणार हे तेव्हाच कळतं.

ठिणगी नाही म्हणजे पिकअप कॉइलच, असं मात्र नाही. प्लगची टोपी, एचटी कॉइल (प्लगला जोरदार करंट देणारी), मॅग्नेटमधली चार्जिंगची कॉइल आणि वायरिंग, यांतलं काहीही असू शकतं. इथे मल्टिमीटर लागतो, म्हणजे तारेचा रोध ओहममध्ये मोजणारं यंत्र. पिकअप कॉइलच्या तारांचा कनेक्टर सोडून ओहम मोजायचे, एकदा थंड असताना आणि एकदा बंद पडल्या-पडल्या. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो, तो त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. पण फरक कसा वाचायचा ते सांगतो, कारण इथे बरेच जण चांगली कॉइल फेकतात. तांब्याचा रोध तापल्यावर वाढतोच. ३० अंशांना २०० ओहम असेल तर १०० अंशांना साधारण २५० दिसेल, आणि ती कॉइल निरोगी आहे. आकडा हजारांत गेला, मीटर अनंत दाखवू लागला किंवा तार हलवल्यावर उड्या मारू लागला, तर ती गेली. रस्त्यावर मीटर नसेल तर गॅरेजमध्येही हे करता येतं. कॉइल बाहेर काढून तिला केस वाळवायच्या मशीनने गरम करत मीटर लावून ठेवायचा. कित्येक कॉइल डोळ्यांसमोर तुटतात.

एचटी कॉइल टाकीखाली असते, तिला वरून ऊन आणि खालून इंजिनची धग. तिच्याबाबत माझा ओहमवर फार विश्वास नाही. आतलं इन्सुलेशन गरम झाल्यावर फुटत असेल तर मीटर ते दाखवत नाही. दुसऱ्या चालू गाडीची कॉइल लावून त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला फेरी मारणं हाच खरा उपाय.

वायरिंगचा दोष वेगळा वागतो. तो उष्णतेपेक्षा हादऱ्याला आणि हँडलला दाद देतो. गाडी टिकवत ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा, चावी बोटाने हलवा. मधेच बंद पडली तर हँडलच्या मानेपाशी तारा घासल्यात. आता तुमची गाडी कोणत्या प्रकारची यावर पुढचं अवलंबून आहे. काही गाड्यांत इग्निशन बॅटरीवर चालतं. तिथे फ्यूज, बॅटरीची सैल टोकं किंवा चावीचा स्विच गेला की इंजिन जातं, आणि सोबत हॉर्न-इंडिकेटरही जातात. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या १०० सीसींत, सीडीआयला करंट थेट मॅग्नेटमधून येतो, बॅटरी काढून टाकली तरी गाडी पळते. तिथे चावी बंद करणं म्हणजे सीडीआयची एक तार फ्रेमला जोडणं. ती तार घासून फ्रेमला लागली की हॉर्न जोरात वाजतोय आणि गाडी मात्र मेलेली. म्हणून "हॉर्न वाजतोय म्हणजे वायरिंग ठीक" हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. बंद पडल्यावर हॉर्न आणि इंडिकेटर चालतात का, एवढं बघून ठेवा.

एक शक्यता अशी आहे जी पेट्रोलही नाही आणि करंटही नाही, आणि ती मला इकडे बऱ्याच गाड्यांत भेटते: आवळलेले टप्पेट, म्हणजे वाल्व ढकलणारे स्क्रू. वाल्व (इंजिनची झडप) तापला की लांबतो, म्हणून थंड असताना त्यात बारीकशी फट ठेवतात. आपल्या रोजच्या १००-१२५ सीसी गाड्यांत ती मॉडेलनुसार साधारण ०.०५ ते ०.१२ मिमीच्या दरम्यान असते. फट कमी पडली तर तापल्यावर वाल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं, आणि इंजिन थंड होईपर्यंत सुरू होत नाही. खूण अशी की गरम असताना किक नेहमीपेक्षा हलकी, पोकळ लागते, आणि बंद पडण्याआधी सिग्नलला वगैरे गाडी टिकत नाही. हे होतं कारण गिऱ्हाईक "टकटक येते, टप्पेट टाइट करा" म्हणतो आणि त्याच्या समाधानासाठी पाना जरा जास्त फिरतो. थोडा टकटक आवाज असणारा टप्पेट इंजिनसाठी चांगला आहे, मुका टप्पेट घातक. तपासणी पूर्ण थंड इंजिनवर, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), सकाळी गाडी सुरू करण्याआधीच करून घ्या. म्हणजे गाडी आदल्या रात्री गॅरेजला ठेवा.

बाकीच्या शक्यता पटकन सांगतो. चहाला थांबलात आणि त्यानंतर गाडी सुरू होईना, तर तो वाटीतलं पेट्रोल उकळण्याचा प्रकार, त्याचा चालत्या गाडीशी संबंध कमी. एअर फिल्टर धुळीने भरला असेल तर गाडी जड होते, ॲव्हरेज घटतो, पण अशी अचानक मरत नाही. चोक अर्धवट अडकलेला असेल तरी तापल्यावर त्रास देतो, तो एकदा हाताने पाहा. इंजिन आणि कार्बोरेटरमधल्या रबराला भेग असेल तर गाडी टिकत नाही, रेस वर-खाली होते.

ज्यांची गाडी एप्रिल २०२० नंतरची, फ्यूएल इंजेक्शनची आहे, त्यांना कार्बोरेटर आणि कॉकची परीक्षा लागू नाही. त्यांनी चावी चालू केल्यावर टाकीतल्या पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुणगुण आवाज येतो का आणि चेक लाइट पेटून राहते का ते बघावं. ज्या मॉडेलला स्टँडचा सेन्सर आहे, तिथे तो धुळीने भरला तर गाडी खड्ड्यात मधेच बंद पडते. आणि टाकी कायम तळाला ठेवून चालवू नका, त्या पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं.

तुमच्या गाडीसाठी मी या क्रमाने जाईन. आधी झाकण, कारण फुकट आहे. त्याच वेळी जुन्या प्लगवर ठिणगी. ठिणगी असेल तर वाटीची धार, मग कॉक. ठिणगी नसेल तर मीटर घेऊन पिकअप कॉइल, मग टोपी आणि एचटी कॉइल. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही व्यवस्थित असून गाडी गरम असताना घेतच नसेल, तर टप्पेट. त्यानंतरही काही सापडलं नाही तर कॉम्प्रेशन मोजायचं, आणि ते खरोखर कमी आलं तरच इंजिन खोलायचा विषय काढायचा.

पिकअप कॉइल निघाली तर बदलताना दोन गोष्टी मागून घ्या. बऱ्याच गाड्यांत ती मॅग्नेटच्या कव्हरमध्ये ऑइलच्या संपर्कात असते, तेव्हा कव्हरचं पॅकिंग नवीन बसवायला सांगा आणि काम झाल्यावर ऑइलची पातळी स्वतः बघा. आणि नवीन कॉइलच्या तारा पिळून टेप गुंडाळून जोडू देऊ नका. मूळ कनेक्टरच वापरायला लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात त्याच जोडावर गाडी परत बंद पडेल. मग दुपारच्या उन्हात धुळे-पारोळा एक फेरी मारा. सकाळच्या गारव्यातल्या फेरीवर विश्वास ठेवू नका. झाकणाचा आवाज, ठिणगी आणि हॉर्न, या तिन्हींचं काय दिसलं ते कळवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.